कलम अठरा आणि सिरोंचाची एसटी

नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चौक आहे. शासकीय फलकांवर तिथल्या संस्थेचे नाव 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असे लिहिलेले असले, तरी ऑटोवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्या जागेला 'पागलखाना चौक' असेच म्हणतात. नावे बदलण्याचा उत्साह आपल्याकडे भरपूर आहे. रस्ते, शहरे, विद्यापीठे यांची नावे आपण बदलली. हे एक नाव मात्र लोकांच्या तोंडून जात नाही. याचे खापर सहसा लोकांच्या असंवेदनशीलतेवर फोडले जाते. 'समाजात जागृती नाही' हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येते आणि तिथेच विषय संपतो.

मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. लोक संस्थेला नाव देतात ते तिच्या कामावरून. ज्या दवाखान्यात माणूस सर्दी-तापासाठी, बाळंतपणासाठी, साप चावला म्हणून जातो त्याला ते 'सरकारी दवाखाना' म्हणतात. मनाच्या आजाराची सरकारी सेवा त्यांच्या नजरेला पडते ती गोष्ट हाताबाहेर गेल्यावरच, आणि तीही भिंतीआड. त्या भिंतीला त्यांनी दिलेले नाव कठोर आहे, पण निराधार नाही. हे नाव जावे असे वाटत असेल तर भाषाशुद्धीने भागणार नाही. मनाच्या आजाराची ओपीडी आणि गोळ्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळाव्या लागतील. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

थोडा इतिहास पाहू. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली आणि १८६४ मध्ये नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. त्याआधी १८५८ मध्ये इंग्रजांनी अशा संस्थांसंबंधीचा कायदा केला होता. प्रांत तीन वर्षांचा होत नाही तोच ही संस्था उभी राहिली, यामागे करुणा अजिबात नव्हती असे म्हणता येणार नाही. पण मुख्य प्रेरणा सुव्यवस्थेची होती. रस्त्यावर भटकणारा, उपद्रवी ठरलेला, ज्याला घरात ठेवता येत नाही असा माणूस कुठे ठेवायचा, हा नव्या राज्यकर्त्यांपुढचा प्रश्न होता. १९१२ च्या कायद्याने या दृष्टीला पक्के रूप दिले. प्रवेशाचा मुख्य मार्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जात असे. आजारी माणूस आणि उपचार यांच्या मध्ये कचेरी होती.

या संस्थेच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात हजारो माणसे आत गेली. त्यांतले एकच नाव शहराच्या स्मरणात राहिले आहे, ते कामठीच्या ताजुद्दीनबाबांचे. १८९२ ते १९०८ अशी सोळा वर्षे ते या भिंतींच्या आत होते. त्यांच्या दर्शनासाठी लोक तिथे येऊ लागले आणि अखेर राजे रघुजीराव भोसले यांच्या प्रयत्नांनी त्यांची सुटका होऊन ते शक्करदऱ्याला आले. १९२५ मध्ये त्यांचे देहावसान झाले. ताजबागेत आजही सर्व धर्मांचे लोक जातात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने ठरवावा. मला या हकिकतीत दिसते ती व्यवस्था: आत नेणारे सरकार, बाहेर काढायला राजा. ज्यांच्यासाठी राजा आला नाही त्यांचे काय झाले, हे कोणत्याही चरित्रात लिहिलेले नाही.

मराठी शिकवणाऱ्याला इथे आणखी एक जागा आठवल्यावाचून राहत नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात त्या गावाचे जे चित्र येते, त्यात गावकरी त्यांना कधी वेडे म्हणतात, कधी ईश्वर मानतात. पण कोणत्याही घरात त्यांना मज्जाव नसतो. आपल्या भाषेतील आद्य गद्याच्या एका मोठ्या ग्रंथात असे गाव आहे, ही गोष्ट लहान नाही. तरीही तिचा गैरवापर होऊ नये. गावाने सांभाळून घेणे हा उपचार नव्हे. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या तरुणाला औषधाऐवजी सहनशीलता देऊन त्याचे भले होत नाही. आणि सगळी गावे रिद्धपूर नसतात. पुष्कळ गावांत त्याच तरुणाला गोठ्यात बांधून ठेवले जाते. ते बांधणारेही दुष्ट असतातच असे नाही. बहुधा ती त्याची आई असते, आणि तिला शेतावर जायचे असते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने देशाच्या आरोग्यसेवेचा लेखाजोखा मांडला. तेव्हा इंग्लंडमध्ये सुमारे तीनशे लोकांमागे मनोरुग्णालयातील एक खाट होती. भारतात चाळीस हजारांमागे एक. हा आकडा वाचून कुणालाही वाटेल की आणखी मनोरुग्णालये बांधणे हाच उपाय. पण नंतरच्या काळात जगाचा अनुभव वेगळा निघाला. परिणामकारक औषधे आल्यावर बहुसंख्य रुग्णांना खाटेची गरज उरली नाही. त्यांना गरज होती ती नियमित मिळणाऱ्या गोळ्यांची, बोलायला कुणीतरी असण्याची आणि घरी राहून कामावर परत जाण्याची. आपल्या नियोजनकारांनाही हे उमगले होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, तो ही सेवा प्राथमिक आरोग्यकेंद्रापर्यंत नेण्याच्या हेतूनेच. १९९६ मध्ये त्याचे जिल्हा पातळीवरचे रूप सुरू झाले. कल्पना योग्य होती. तिला पुरेशी माणसे आणि पुरेसा पैसा मिळाला नाही, एवढेच.

मग २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आला आणि २०१८ मध्ये तो लागू झाला. १९१२ च्या कायद्याने माणसाला 'वेडा' म्हटले होते. १९८७ च्या कायद्याने 'मानसिक रुग्ण' म्हटले. २०१७ चा कायदा 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' म्हणतो आणि तिला हक्क देतो. बेड्या घालण्यास तो मनाई करतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे तो गृहीत धरतो. या गोष्टींची चर्चा झाली. ज्या कलमाची चर्चा झाली नाही ते अठरावे. शासनाच्या खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे ते सांगते. एवढ्यावर ते थांबत नाही. ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत सर्व पातळ्यांवर मिसळलेली असावी. दीर्घकाळ संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा. किमान प्रत्येक जिल्ह्यात सेवा असावी, ती नसल्यास त्याच जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च शासनाने द्यावा. आणि कोणाही आजारी माणसाला उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तो राहतो त्याच्या जवळ असावी. आवश्यक औषधांची यादी करून ती औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात सदैव विनामूल्य मिळावीत, हेही त्याच कलमात आहे.

'लांबचा प्रवास करावा लागू नये.' संसदेने संमत केलेल्या कायद्यात ही तरतूद आहे, हे विदर्भाच्या नकाशासमोर बसून पुन्हा वाचावे.

महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालये म्हणून वर्षानुवर्षे चार नावे घेतली गेली: येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर. नागपूरची मंजूर खाटसंख्या ९४०. विदर्भाचे अकरा जिल्हे, २०११ च्या जनगणनेनुसार दोन कोटी तीस लाख माणसे, शिवाय शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधून येणारे रुग्ण, असा तिचा पसारा आहे. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, आता एम्स आहे. तिथेही मनोविकारांचे विभाग चालतात. म्हणजे जी काही तज्ज्ञ सेवा आहे तिचा मोठा भाग एका शहरात साचलेला आहे. जिल्हा कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून सेवा दिली जाते हे खरे, आणि तिथली मंडळी मर्यादित बळावर काम करतात हेही खरे. पण विदर्भात 'जिल्हा' या शब्दाचा अर्थ पुण्यामुंबईच्या वाचकाने एकदा समजून घ्यावा. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. सिरोंचाहून गडचिरोली जवळपास दोनशे किलोमीटर, नागपूर तीनशेहून अधिक. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती सुमारे दीडशे. जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा उपलब्ध आहे असे कागदावर लिहिल्याने कलमातील 'जवळ' हा शब्द पुरा होत नाही.

सिरोंचा तालुक्यातील पस्तिशीच्या एका माणसाची कल्पना करू. धान कापायला जाणारा, दोन मुलांचा बाप. काही महिन्यांपासून त्याला झोप नाही. शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी त्याची खात्री झाली आहे. त्याला नागपूरला न्यायचे म्हणजे सोबत दोन माणसे हवीत, कारण तो एसटीत शांत बसेल याची शाश्वती नाही. ओपीडी सकाळी असते, म्हणून आदल्या दिवशी निघायचे आणि रात्र कुठेतरी बसस्थानकावर काढायची. तिघांची तीन दिवसांची मजुरी बुडाली. डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात आणि महिन्याने परत या म्हणतात. त्यात डॉक्टरांची चूक नाही. या औषधांवर देखरेख लागतेच. पहिल्या महिन्यात गोळ्यांचा गुण येतो. माणूस झोपू लागतो, कामावर जातो. दुसऱ्या महिन्यात घरचे हिशेब करतात: आता तर बरा दिसतो, पुन्हा तीन दिवस कशाला घालवायचे? गोळ्या थांबतात. काही आठवड्यांनी आजार परत येतो, बहुधा पूर्वीपेक्षा जोराने. मग केस-पेपरवर नोंद होते की रुग्णाने औषध मधेच बंद केले. कलम अठराच्या भाषेत याच घटनेची नोंद वेगळी व्हायला हवी: शासनाने औषध जवळ ठेवले नव्हते.

हा माणूस कल्पित आहे, पण त्याचा हिशेब कल्पित नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की उपचार आणि प्रवास यांपायी कुटुंबांना महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये पदरचे घालावे लागतात. त्याच सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांविना होते. हे सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून हा आकडा आपल्याला अंदाजापुरताच घेता येईल. तरीही ढोबळ गणित करून पाहावे. विदर्भात दीड कोटी प्रौढ धरले, तर दहा टक्क्यांच्या हिशेबाने पंधरा लाख माणसे होतात. त्यांच्यासमोर ९४० खाटा ठेवून पाहिल्या की खाटा हे या प्रश्नाचे उत्तर असूच शकत नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रौढ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. लहान मूल शाळेत जाते. तिथे निदान एखाद्या शिक्षकाच्या लक्षात काही येऊ शकते. गरोदर स्त्रीकडे आशाताई फेऱ्या मारते. कमावत्या वयाच्या माणसाकडे, विशेषतः पुरुषाकडे, सरकारी आरोग्ययंत्रणेतील कुणी आपणहून क्वचितच येते. तो दवाखान्यात जातो तेव्हा पाठदुखी, डोकेदुखी, 'ॲसिडिटी' सांगतो आणि तेवढ्याच्याच गोळ्या घेऊन परततो. त्याच्या मनाची चौकशी सहसा होत नाही. ज्या विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर गेली पंचवीस वर्षे एवढे लिहिले गेले, त्या विदर्भात ही स्थिती असावी, याचे नवल वाटायला हवे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याचा भर कर्ज, व्याज, सिंचन यांवर होता. तो असायलाच हवा होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येला मनोविकार ठरवून शेतमालाच्या भावाचा प्रश्न टाळणे हे पाप आहे, असेच मी मानतो. पण भावाचा प्रश्न सुटेपर्यंत ज्याची रात्रीची झोप गेली आहे त्याने कुणाकडे जायचे? आर्थिक कारण खरे मानले म्हणून माणसाचे नैराश्य खोटे ठरत नाही. कर्जबाजारी माणसाला टायफॉइड झाला तर आपण त्याला आधी कर्ज फेडायला सांगत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: सेवा ठेवली तरी लोक येत नाहीत; ते मांत्रिकाकडे, दर्ग्यात, मंदिरात जातात. या आक्षेपाचे उत्तर विदर्भातच मिळालेले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले, त्यांनी घरोघरी जाऊन ताणाविषयी, नैराश्याविषयी बोलायचे, प्रशिक्षित समुपदेशकाने पुढची मदत करायची आणि ज्याला गरज असेल त्यालाच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी साधी रचना होती. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनी मदत घेतली होती. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावे तीच, माणसे तीच, त्यांच्या श्रद्धाही त्याच. मदत उंबरठ्यापर्यंत आली, एवढाच काय तो फरक. अर्थात ७३ टक्के तरीही बाहेर राहिले, हेही विसरू नये. पण सहापट वाढ हे 'लोक येत नाहीत' या वाक्याचे पुरेसे खंडन आहे.

दर्ग्यात किंवा देवस्थानात लोक का जातात याचाही विचार नीट केला पाहिजे. ती जागा दिवसरात्र उघडी असते. तिथे आधार कार्ड, शिफारसपत्र, रेशनकार्ड मागत नाहीत. घरच्यांना रुग्णासोबत राहता येते. तिथे येणाऱ्याला कुणी 'पागल' म्हणत नाही. या चार सोयींपैकी किती आपल्या सरकारी सेवेत आहेत? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस रुग्ण मरण पावले. अशा जागा किती घातक ठरू शकतात हे त्या दिवशी देशाने पाहिले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा आता गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांच्या बलिदानानंतर झालेल्या या कायद्याचे मोल मोठे आहे. पण भुमक्याकडे जाऊ नका असे सांगणाऱ्या राज्याने त्याच पाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसरे काय ठेवले आहे, हेही सांगायला हवे. ते सांगता येत नसेल तर तो कायदा अर्धाच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मनोविकारतज्ज्ञच नाहीत, मग प्रत्येक तालुक्यात आणायचे कुठून? राष्ट्रीय सर्वेक्षणानंतर लाख लोकसंख्येमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ असा देशाचा हिशेब मांडला जातो, आणि त्यांतले बहुतेक शहरांत खासगी व्यवसाय करतात. ही अडचण खोटी नाही. परंतु कायद्याने तिचाही विचार केला आहे. कलम एकतीस म्हणते की शासनाने सरकारी दवाखान्यांतील आणि तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण द्यावे. तेच कलम सांगते की लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्यतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय निकषांइतकी संख्या गाठण्याचा प्रयत्न कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत करावा. ही मुदत २०२८ मध्ये संपते. क्षयरोगाच्या गोळ्या देण्यासाठी प्रत्येक गावी छातीचा तज्ज्ञ बसवावा लागला नाही. मधुमेह आणि रक्तदाब तालुक्याचा एमबीबीएस डॉक्टर सांभाळतो. तज्ज्ञाने निदान करून ठरवलेले औषध पुढे चालू ठेवणे, त्रास होतो का ते पाहणे, माणूस आला नाही तर निरोप धाडणे, ही कामे ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात. त्यासाठी लागते प्रशिक्षण, औषधसाठा आणि एका माणसावर टाकलेली निश्चित जबाबदारी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा इथे उल्लेख करायला हवा. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक महाविद्यालयांच्या, बसस्थानकांच्या, बाजार समित्यांच्या भिंतींवर ठळकपणे लागावा. पण फोन गोळी देत नाही, आणि मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या ज्या पाड्यात आवाजच पोचत नाही तिथे तो बोलतही नाही. त्याचा उपयोग ग्रामीण रुग्णालयाला जोड म्हणून आहे, पर्याय म्हणून नव्हे.

उपचारांपर्यंत पोचण्याची गोष्ट बाहेर पडण्याच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही. मनोरुग्णालयात बरी होऊनही अडकून पडलेली माणसे हा महाराष्ट्राचा जुना प्रश्न आहे. घरचे न्यायला येत नाहीत, पत्ता चुकीचा निघतो, कधी जमिनीच्या वाटणीत ती व्यक्ती नको असते. कलम एकोणीस स्पष्ट सांगते की कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारत नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रात अशा बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरीगृहासारख्या ठिकाणी हलवले जात असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि न्यायालयाला ते थांबवण्यास सांगावे लागले. पुढे मुंबई उच्च न्यायालयातही डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर हाच प्रश्न उभा राहिला. १९०८ मध्ये सुटकेसाठी राजा लागला होता. शंभर वर्षांनंतर न्यायालय लागते. ज्या संस्थेतून माणूस परत येत नाही असे गावाने पाहिलेले असते, तिथे गाव आपला माणूस वेळेत पाठवत नाही. ज्याला आपण लोकांचे अज्ञान म्हणतो, त्यात असे पुष्कळ पाहून झालेले शहाणपण असते.

मग मागायचे काय? मोठ्या घोषणा नकोत. विदर्भातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आवश्यक मनोविकार औषधांचा साठा आहे की नाही, याची माहिती महिन्याच्या महिन्याला तिथल्याच फलकावर लागावी. आठवड्यातील एक ठरलेला दिवस मानसिक आजारांच्या ओपीडीचा असावा, आणि तो आठवडी बाजाराचा दिवस असावा, म्हणजे माणसाची वेगळी मजुरी बुडणार नाही आणि तो कुठे चालला आहे हे चारचौघांना कळणारही नाही. शहरात निदान मेडिकल-मेयोसारख्या ठिकाणी आठवड्यातून काही दिवस संध्याकाळची ओपीडी असावी. दुकानात, कारखान्यात, बांधकामावर काम करणारा माणूस सकाळी अकरा वाजता रांगेत उभा राहू शकत नाही. नागपूरला आलेल्या रुग्णाची पुढची गोळी त्याच्या तालुक्यात मिळावी, यासाठी दोन सरकारी दवाखान्यांत एका कागदाची देवाणघेवाण व्हावी. बरे झालेल्यांसाठी निवारागृहे असावीत, जी कायद्याने आधीच कबूल केलेली आहेत. या सगळ्यांसाठी नवा कायदा नको, नवी इमारतही फारशी नको.

आम्हा शिक्षकांपुरते बोलायचे तर, मार्ग दाखवता येईल एवढी माहिती तरी आपल्याकडे असायला हवी. आपल्या वर्गात येणारी मुले अठरा वर्षांची, म्हणजे कायद्याने प्रौढ असतात. कवितेतील व्याकुळता त्यांना आपण समजावून सांगतो. त्यांच्यापैकी एखादा महिनाभर वर्गात आला नाही तर हजेरीपटावर आपण रेघ ओढतो. त्याला, किंवा त्याच्या घरच्या आजारी माणसाला, जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी पाठवावे, हे किती प्राध्यापकांना सांगता येईल? ज्या तालुक्यात हे सांगता येत नाही, तिथे तसा दिवस आणि तशी जागा बहुधा नसतेच. तिथल्या वैद्यकीय अधीक्षकाला कलम अठराचा हवाला देऊन एक अर्ज लिहावा. मराठीच्या प्राध्यापकाला निदान अर्ज तरी चांगला लिहिता आला पाहिजे.

ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी मनाच्या आजाराच्या गोळ्या ठेवलेल्या असतील आणि बाजाराच्या दिवशी लोक चिठ्ठी काढून त्या घेऊन जात असतील, तेव्हा छिंदवाडा मार्गावरच्या त्या चौकाला काय म्हणायचे ते लोक आपणहून ठरवतील. आपण आधी ती खिडकी मागू या.